अस्थी सावडतो, आयुष्य कोण सावडणार?

गेल्या काही वर्षांत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या पट्ट्यातल्या गावांमध्ये दशक्रियेच्या भाषणांवरून वाद पेटला आहे. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सकाळी आठच्या सुमाराला नदीघाटावर गाव जमतो. मंडपात महाराजांचं प्रवचन चालू असतं, खाली पाण्याजवळ पिंडदान. प्रवचन संपलं की माइक श्रद्धांजलीसाठी फिरू लागतो. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, बाजार समितीचे संचालक, कारखान्याचे संचालक आणि साहेबांना येणं जमलं नाही म्हणून त्यांच्या वतीने आलेले कार्यकर्ते. निवडणूक जवळ आली असेल तर ही रांग तासभर सरत नाही. म्हणून काही गावांनी ठराव करून भाषणं बंद केली. कुठे फ्लेक्स बंद झाले, कुठे टोपी-टॉवेलचे आहेर. ठरावाच्या बाजूचे म्हणतात, वेळ वाचला, पैसा वाचला. विरोधातले म्हणतात, ही आपली रीत आहे, माणूस गेल्यावर चार शब्दही बोलायचे नाहीत का? हा सगळा वाद बोलणाऱ्यांविषयी चालला आहे. कोणी बोलावं, किती मिनिटं बोलावं, खर्च किती व्हावा. जो गेला, त्याचा विषय या वादात कुठेच नाही.

माझं मत असं आहे. भाषणं बंद व्हावीत आणि ठराव करणाऱ्या गावांनी योग्य तेच केलं. पण तिथेच थांबून त्यांनी काम अर्धवट सोडलं. गावात जो कोणी जाईल, त्याचं किंवा तिचं आयुष्य गावाने एका पानावर लिहून ठेवलं पाहिजे. प्रत्येकाचं. बागायतदाराचं, सालगड्याचं, कुटुंबात जमिनीचा तुकडाही नावावर नसलेल्या म्हातारीचं. आणि हे काम घरच्यांवर सोडण्यासारखं नाही. ते गावाचं काम आहे.

तिसऱ्या दिवशी आपण सावडायला जातो. राखेत हात घालून अस्थी वेचतो, मडक्यात ठेवतो, पाण्यात सोडतो. शेतीतही सावड आहेच. ज्याच्याकडे एक बैल तो दुसऱ्या एक बैलवाल्याशी सावड करतो, आज तुझी लावणी, उद्या माझी. आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी शेतकरी भातखाचरं घडवायला अशाच रीतीने एकमेकांच्या रानात राबत आले, त्याला पडकई म्हणतात. जे काम एकट्याच्या आवाक्यातलं नाही ते चार घरांनी मिळून उरकायचं, हे गावाला कोणी शिकवावं लागत नाही. मग गेलेल्या माणसाचं आयुष्य वेचून ठेवण्याचं काम तेवढं प्रत्येक घराने एकट्याने का करावं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका आजोबांची दशक्रिया होती. नऊ जण बोलले. कष्टाळू, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे, कुटुंबावर संस्कार करणारे. हेच शब्द आठ दिवस आधी त्याच घाटावर दुसऱ्या माणसासाठी ऐकले होते. आजोबांनी उभ्या आयुष्यात विहिरींची कामं केली. पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरींचं दगडी बांधकाम त्यांच्या हातचं. कुठल्या रानात किती परस खोलीवर मांजऱ्या खडक लागतो आणि कुठे काळा पाषाण, हे ते बांधावर उभं राहून सांगत. त्याबद्दल एकही शब्द निघाला नाही. खाली पिंडाला कावळा शिवत नव्हता. कोणी म्हणालं, नातवाचं लग्न करू. कोणी म्हणालं, भाऊभाऊ भांडणार नाही. शेवटी थोरली लेक पुढे झाली आणि म्हणाली, "दादा, तुमच्या मळ्यातली विहीर आम्ही बुजवणार नाही." मग कावळा शिवला. का शिवला ते मला माहीत नाही. पण आख्ख्या सकाळीत त्या माणसाच्या आयुष्याविषयी खरं वाक्य बोललं गेलं ते तेवढंच, आणि ते माइकपासून दूर, नदीच्या काठावर. पिंडापाशी घरची माणसं धाय मोकलून जे बोलतात, त्यात माणसाचा जीव कशात होता ते सगळं येतं. आपण ते ऐकतो आणि तिथेच सोडून घरी जेवायला जातो.

गावाच्या दप्तरात माणूस किती उरतो तेही एकदा पाहा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे २१ दिवसांत मृत्यूची खबर द्यायची. नाव, वय, लिंग, तारीख, ठिकाण. मग तलाठ्याकडे वारसाची नोंद, गाव नमुना ६-क. फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो आणि खाली मुलांची नावं येतात. शेतकऱ्याच्या मरणाची सरकारी खूण म्हणजे हा कंस. गंमत नव्हे, वेदना अशी की त्याच सातबाऱ्याच्या बाराव्या नमुन्यात जमिनीचं चरित्र वर्षावर्षाला लिहिलेलं असतं. कुठल्या साली बाजरी, कुठल्या साली हरभरा, किती क्षेत्र पड, पाण्याचं साधन काय. जमिनीने काय पिकवलं हे आपण पन्नास वर्षांचं काढून दाखवू शकतो. जिच्या हातांनी ते खुरपलं, तिच्याविषयी एक ओळ काढता येत नाही.

या तुटपुंज्या नोंदीची सर्वांत कठोर बाजू विदर्भ-मराठवाड्यात दिसते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला एक लाखाची मदत द्यायची, तर जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, हे तपासलं जातं आणि प्रकरणावर पात्र किंवा अपात्र असा शेरा पडतो. मदतीला निकष लागणार, हे मला समजतं. पण बहुतेकांच्या बाबतीत समाजाने लिहून ठेवलेला अखेरचा शब्द हाच असतो, हे मला सहन होत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. त्या दिवशी आज अनेक शेतकरी कार्यकर्ते अन्नत्याग करतात, आणि ते मोलाचं आहे. पण साहेबराव गावचे सरपंच होते, त्यांना संगीताची जाण होती, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्यांचं मरण आपण विसरलो नाही त्यांचंसुद्धा जगणं आपण विसरलो. मग ज्यांचं मरण साधं, म्हातारपणाचं, तापाचं, त्यांची काय कथा!

आता विरोधातले मुद्दे. पहिला मुद्दा कामाचा आहे आणि तो मांडणारी माणसं मला आवडतात. ती म्हणतात, आठवणी लिहून काय होणार, त्यापेक्षा झाड लावा, शाळेला देणगी द्या. आमच्याकडे अनेक घरांनी रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यात टाकायला आणि वर आंबा लावायला सुरुवात केली आहे. नदी स्वच्छ राहते, सावली मिळते. यात खोड काढण्यासारखं काही नाही. पण झाड बोलत नाही. तीस वर्षांनी तो आंबा कोणासाठी लावला हे सांगणारं माणूस नसेल, तर तो फक्त आंबा उरतो. आमच्याच तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. तिथे स्मारक झालं, माणसांच्या आठवणीत झाडं लावली गेली. ते गरजेचंच होतं. पण त्या १५१ जणांपैकी कोण कुठली औषधी मुळी ओळखायचं, कोणाचा ढोलावर हात होता, नागलीचं कुठलं बी कोणाच्या घरी राखलेलं होतं, हे आसपासच्या वाड्यांमधल्या नातेवाइकांच्या डोक्यात आहे. ती डोकीही आता पिकली आहेत.

दुसरा मुद्दा वारकरी घरांतून येतो. गेलेल्याला सोडून द्यावं, अडकवून ठेवू नये, देह नाशिवंत आहे. पोटचा मुलगा गेल्याची बातमी गाडगेबाबांना कीर्तनात कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, ही हकिकत लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या वैराग्यापुढे मी हात जोडतो. पण याच परंपरेत आणखी काय घडलं? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांबरोबर गाडले गेले. परंपरा सांगते ते वर्ष १३३८. नामदेव पंढरपूरहून तिथे गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधल्या, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, अशी ओळख पटवली आणि त्या आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेव वैराग्यात कमी होते का? देह नाशिवंत आहे हे त्यांना कोणी शिकवायला हवं होतं? तरी ते गेले, कारण एका मजुराचं आयुष्य मातीखाली जाऊ द्यायचं नव्हतं. पुढे अठराव्या शतकात महिपतींनी ताहराबादला बसून माळी, कुंभार, शिंपी, न्हावी, दासी अशा सगळ्यांची चरित्रं लिहिली. कष्टकऱ्याचं आयुष्य लिहिण्याची आपली परंपरा इतकी जुनी आहे. मला राहून राहून त्या भिंतीखालचे बाकीचे मजूर आठवतात. तेही कोणाची तरी माणसं होती. त्यांच्यासाठी नामदेव आले नाहीत.

तिसरा मुद्दा सगळ्यांत जड आहे. लिहिणार कोण? गावात जात आहे, गट आहेत, भावकी आहे. जो लिहील तो पाटलाची तीन पानं करील आणि मातंगवाड्यातल्या म्हाताऱ्याचं नावही चुकवील. इतिहास या भीतीच्या बाजूने आहे, हे मान्य करावं लागेल. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतो, पिढ्यांची वंशावळ वाचून दाखवतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांची नावं सापडतात. पण ज्याच्याकडे धान्य द्यायला होतं त्याचीच वंशावळ हेळव्याकडे राहिली, आणि जो तीर्थाला जाऊ शकला त्याचंच नाव वहीत आलं. बायकांची नावं तर बहुतेक ठिकाणी नाहीतच. मग यातून काय निष्कर्ष काढायचा? नोंद विषम होते म्हणून नोंदच नको, असं म्हटलं तर त्याचा फायदा कोणाला होतो? पाटलाच्या घरी फोटो आहेत, वाडा आहे, शाळेच्या दारावर देणगीची पाटी आहे. त्याची आठवण राहणारच आहे. न लिहिल्याने ज्याचं सगळं पुसलं जातं तो गरीबच असतो. म्हणून नियम एकच असावा: प्रत्येकाला एक पान. कोणाला दोन नाही, कोणाला अर्धं नाही.

आपल्या जुन्या गावांनी हे वेगळ्या रीतीने करून पाहिलेलं आहे. कित्येक गावांच्या देवळाबाहेर वीरगळ उभे असतात. सगळ्यांत खालच्या चौकटीत पडलेला माणूस, पुष्कळदा शेजारी गुरं, कारण तो गावाची गुरं वाचवताना पडला. त्यावर लढाई, मग अप्सरा त्याला नेतात, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. गावाने पैसे काढून, दगड आणून, पाथरवट बसवून हे केलं. आणि तरीही आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलं नाही. कोरणाऱ्यांना वाटलं असेल, नाव काय, सगळ्यांनाच माहीत आहे. आज तो दगड कोणाच्या तरी दारातली पायरी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत पाट्या लावल्या: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके लोक गेले, त्यातले इतके मेले. तिथे आकडा राहिला, नावं नाहीत. दगड टिकला तरी माणूस टिकेलच असं नसतं.

उलट कोतवाल बुकाचं उदाहरण घ्या. गाव नमुना १४. गावचा कोतवाल, उतरंडीतला सर्वांत खालचा नोकर, जन्म-मरणाची खबर देई आणि ती मोडी लिपीत उतरवली जाई. कोण गेलं, कोणत्या जातीचं, वय अंदाजे किती, पटकीने की देवीने की तापाने. त्या वह्यांना वाळवी लागली तरी कोणी विचारलं नाही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधू लागली आणि त्याच वह्यांसाठी लोक तहसीलच्या दारात उभे राहिले, मोडी वाचणाऱ्यांना शोधत फिरले. आरक्षणाच्या प्रश्नावर इथे मला काही म्हणायचं नाही. मला दिसतं ते एवढंच की लिहिणाऱ्याला तेव्हा कल्पनाही नव्हती की या ओळीवर कधी पणतूचं शिक्षण अवलंबून राहील. आज कोणाच्या आजीचं पान लिहिताना पुढे ते कशाला लागेल हे आपल्यालाही ठाऊक नाही.

आजीचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबतो, कारण या सगळ्याचं खरं दुखणं इथे आहे. बाईच्या मरणाचा फ्लेक्स बघा. अमुक यांच्या मातोश्री, तमुक यांच्या आजी. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे जन्मनाव सासरच्या कोणालाच माहीत नाही. सातबाऱ्यावर नाव नसायचं; शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन करून बायकांच्या नावावर जमीन करायला लावली तेव्हा पुष्कळ गावांत पहिल्यांदा बाईचं नाव दप्तरात आलं. १९७२ च्या दुष्काळात लाखो बायका खडी फोडायला गेल्या, पाझर तलावांच्या भिंतीवर माती टाकली. ते तलाव आजही भरतात आणि त्यांच्यावर कोणाचं नाव नाही. बी राखणं बायकांचं, कोंबडी-शेळीचं दुखणं ओळखणं बायकांचं, बाळंतपणं करणं बायकांचं. आणि याचा कुठे कागद? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बाईचं नाव, गाव त्यासोबत लिहून ठेवलं. नाहीतर आपण त्या ओव्यांना लोकपरंपरा म्हणालो असतो आणि ती बाई पुसून गेली असती. बाहेरून आलेल्या दोन माणसांनी जे केलं, ते आपल्या गावात राहून आपल्याला का जमू नये?

भांडणाचा मुद्दाही लोक काढतात. पानात काही लिहिलं आणि ते उद्या कोर्टात दाखवलं तर? भीती खरी आहे, बांधावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. म्हणून वाटणी, कर्ज, कज्जा या गोष्टी पानावर येऊच नयेत. घरच्यांना दाखवल्याशिवाय पान वहीत जाऊ नये. मग उरतं काय, असं कोणी विचारील. पुष्कळ उरतं. जन्मनाव, माहेर, कोणतं काम हाताला होतं, कोणाला शिकवलं, कोणत्या साली काय सोसलं, रानांची नावं. हो, रानांची नावं. गट नंबर आले आणि चिंचेचं वावर, घोडमाळ, सतीचा टेप ही नावं म्हाताऱ्यांच्या तोंडात उरली. एक म्हातारा गेला की दहा-बारा नावं जातात. डिंभ्याच्या धरणाला आमच्या तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूचं नाव आहे. शेतमजुराच्या पोरासारखा वाढलेला, मुंबईला गिरणीत गेलेला, १२ डिसेंबर १९३० रोजी विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला. त्याचं नाव त्या पाण्याला मिळालं याचा मला अभिमान वाटतो. पण त्याच पाण्याखाली आदिवासींची भातखाचरं गेली, आणि प्रत्येक खाचराला नाव होतं.

लिहायचं कधी आणि कोणी, तर दहाव्याला मुळीच नाही. तेव्हा घरच्यांना भान नसतं. दशक्रिया ते वर्षश्राद्ध या वर्षभरात आठवी-नववीची मुलं आणि एखादे शिक्षक घरी जाऊन बसू शकतात. वही वाचनालयात राहावी, ग्रामपंचायतीत नको, तिथे सत्ता पालटते. वर्षातून एकदा, सप्त्यात काल्याच्या आदल्या संध्याकाळी, त्या वर्षी गेलेल्यांची पानं वाचावीत. गाव असं ठरवू शकत नाही असं कोणी म्हणू नये. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने नवऱ्याच्या मरणानंतर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही असा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. मरणाच्या रीती बदलता येत नाहीत हे तेव्हाच खोटं ठरलं.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आमच्या गावात एकामागून एक माणसं गेली. चार जणांत अंत्यविधी, दशक्रिया घरातल्या घरात, भाषण नाही, प्रवचन नाही, पिंडापाशी रडायलाही माणूस नाही. त्यातली एक माझी चुलती. तिचं पान मी या उन्हाळ्यात लिहिलं, तिला जाऊन काही वर्षं लोटल्यावर. तिचं जन्मनाव घरात कोणाला सांगता येईना. तिच्या माहेरी गेलो, तिथली भावजय म्हणाली, थोरलीला विचार. ती थोरली बहीण आता नीट ऐकत नाही, पण नाव विचारल्यावर तिने ते दोनदा घेतलं. वालाचं आणि दुध्याचं बी चुलती राखेत घालून भोपळ्यात ठेवायची, ते आता दोनच घरांत आहे, कोणत्या ते लिहिलं. बहात्तरला ती पाझर तलावावर कामाला होती, दिवसाचं माप किती पडायचं ते तिच्या जोडीच्या बाईने सांगितलं. चुलतभावाला पान वाचायला दिलं. तो ओट्यावर बसून दोनदा वाचत राहिला. मग म्हणाला, "तलावावर ती मला टोपल्यात निजवायची आणि वर लुगडं बांधायची म्हणे. तेवढं घाल त्यात."